पालथी अ‍ॅलिस

मार्जरीच्या दिवशी चॅपेलमधली मिस्सा-प्रार्थना संपल्यापासून नाश्ता उरकेपर्यंत कुणी आवाज चढवायचा नाही, हा एल्स्टनांच्या घरचा शिरस्ता होता. यंदा तो मोनिकाने मोडला.

"म्हणजे साडेतीनशे वर्षं आपण भलत्याच बाईचे मुके घेतोय?"

"हळू बोल," तिचा भाऊ जर्व्हिस म्हणाला. "आत्या अजून चॅपेलमध्ये आहे."

"मी हळूच बोलतेय. घरच एवढं रिकामं आहे, त्याला मी काय करू?"

रोझमंड स्वयंपाकघरातून उकडलेली अंडी घेऊन आली ती याच वाक्यावर. नवऱ्याचा आणि नणंदेचा चेहरा पाहून तिने ताटली आधी खाली ठेवली. टेबलावर मुरंब्याची बरणी, टोस्ट, आणि मध्ये दरवर्षीचा पांढरा रुमाल. रुमालावर सोन्याची दोन लॉकेटे, उघडी आणि रिकामी. आतली दोन्ही चित्रे बाहेर काढून पालथी ठेवलेली होती. अंड्याएवढ्या आकाराची ती चित्रे; त्या काळचे चितारी पातळ कातडे खेळायच्या पत्त्यावर चिकटवून त्यावर रंगवत, त्यामुळे एकीच्या पाठीवर बदामाचे तीन ठिपके दिसत होते आणि दुसरीच्या पाठीवर इस्पिकचा अर्धा गुलाम.

"मी फक्त कीड लागलीय का ते पाहायला उघडलं," लंडनच्या संग्रहालयातून आलेले मि. पार्जिटर म्हणाले. ते हे तिसऱ्यांदा म्हणत होते. "प्रवासाला न्यायचं तर पाहावं लागतं. दोन्ही एकदम पाहिली, हीच चूक झाली."

"काय झालंय?" रोझमंडने विचारले.

"वाच," मोनिका म्हणाली.

बदामाच्या ठिपक्यांच्या मधून तपकिरी शाईत, बारीक जुन्या वळणाचे अक्षर होते. अ‍ॅलिस. आणि अर्ध्या गुलामाच्या टोपीवर, त्याच हातचे, मार्जरी.

रोझमंडला क्षणभर काही कळेना. मग कळले, आणि ती खुर्चीवर बसली. बदामवाले चित्र मार्जरीच्या लॉकेटातले होते. आत्यांचे.

या घरात लग्न करून आल्यावर सासूने तिला पहिली गोष्ट सांगितली होती ती या दोघींची. दोघी सख्ख्या बहिणी, दोन एल्स्टन भावांना दिलेल्या. मार्जरीने, राणीने बंदी घातली तरी, जुना कॅथलिक धर्म सोडला नाही, धर्मगुरूंना धुराड्यामागच्या चोरखोलीत लपवले, आणि लँकेस्टरच्या तुरुंगात ती मेली. घराण्याची रक्तसाक्षी, धर्मासाठी जीव दिलेली. अ‍ॅलिस राणीच्या चर्चमध्ये जाऊ लागली, आणि एके सकाळी शेरीफची माणसे आली ती थेट धुराड्यापाशीच गेली. कुणी सांगितले, हे कुठेही लिहिलेले नाही. पण घराने तेव्हाच ठरवून टाकले. तेव्हापासून दर नऊ जुलैला मिस्सा झाली की मार्जरीच्या चित्राचा प्रत्येकाने मुका घ्यायचा, आणि अ‍ॅलिसला पालथे घालून तिच्या पाठीवर बोटाच्या पेराने एकदा टकटक करायचे. पालथे घालायचे काम घरातल्या सर्वांत धाकट्याचे. जर्व्हिस आणि रोझमंडला मूल नाही. पंधरा वर्षे ते काम रोझमंडकडेच होते. ती स्वतः राणीच्या चर्चमधून आलेली, लग्नाआधी धर्म बदललेली. दरवर्षी ती टकटक तिला आपल्याच पाठीवर वाजल्यासारखी वाटे. हे तिने कधी कुणाला सांगितले नव्हते.

"मि. पार्जिटर," जर्व्हिस घसा साफ करून म्हणाला, "तुम्ही हे होतं तसं परत बसवलंत आणि विसरून गेलात तर?"

"मला आवडलं असतं," पार्जिटर मनापासून म्हणाले. "पण चित्र कुणाच्या हातून कुणाच्या हाती आलं, याची साखळी आम्हाला लिहून ठेवावी लागते. त्या साखळीत माहीत असून खोटी कडी कशी घालू? तुम्ही आम्हाला अ‍ॅलिसचं चित्र दिलंत. तसा कागद झालाय. आता पाठीवरचं नाव खरं मानलं, तर अ‍ॅलिस म्हणजे…" त्यांनी बदामाच्या पत्त्याकडे पाहिले आणि पुढचे बोलणे टाळले.

बोलायची गरज नव्हती. जर्व्हिसच्या वडिलांनी मृत्युपत्रात लिहिले होते: मार्जरीचे चित्र माझ्या बहिणीने, विनिफ्रेडने, मरेपर्यंत आपल्याजवळ ठेवावे, अ‍ॅलिसचे घराच्या मालकाने हवे ते करावे. गेल्या हिवाळ्यात चॅपेलच्या छपरातून पाणी वेदीवर गळू लागले, तेव्हा मालकाने, म्हणजे जर्व्हिसने, दुरुस्तीच्या पैशांसाठी अ‍ॅलिसला संग्रहालयाला द्यायचे ठरवले. कुणालाही वाईट वाटले नाही. मोनिका तर म्हणाली होती, चला, शेवटी बाई चर्चच्या उपयोगी पडली.

"आत्याला सांगायचं नाही," जर्व्हिस म्हणाला.

"सांगायचं," मोनिका म्हणाली. "मी शाळेत पोरींना खरं बोला म्हणून शिकवते आणि घरी येऊन हे?"

"ती एक्याऐंशीची आहे, मोनिका. बासष्ट वर्षं रोज पहाटे सहाला उठून मेणबत्ती लावून त्या चेहऱ्यापुढे बसते. तापात बसली. बॉम्ब पडत होते तेव्हा बसली. आणि तू तिला सांगणार, की बाई, तू रोज एका चुगलखोर बाईपुढे गुडघे टेकत होतीस?"

"मी असं नाही सांगणार. तू मेला आधीच शब्द घाण करून ठेवतोस."

"रोझमंड, तूच सांग हिला."

रोझमंड पालथ्या चित्रांकडे पाहत होती. "मला वाटतं, सांगावं," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहून गोंधळली. "म्हणजे… इतकी वर्षं जिला आपण टकटक करतोय ती मार्जरीच असेल तर तिचंही काही आहे की नाही?"

टेबलाच्या टोकाला ऑस्वल्डकाका बसले होते, आत्यांचे धाकटे भाऊ. त्यांचा टोस्ट तसाच हातात होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ते जाडजूड गृहस्थ एकाएकी उठले.

"विनीला मी आणतो," ते म्हणाले. "कुणी काही बोलू नका. मला तिला आधी एक सांगायचंय."

*

चॅपेलमध्ये ओल्या चुन्याचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास होता. विनिफ्रेड पहिल्या बाकावर जपमाळ घेऊन बसली होती. ऑस्वल्ड शेजारी बसला तेव्हा बाक कुरकुरला. तिने डोळे न उघडता बोट वर केले. थांब. एक मणी राहिला होता.

"बोल," ती शेवटी म्हणाली. "टोस्ट हातात घेऊन चॅपेलमध्ये आलास म्हणजे काहीतरी मोठंच असणार."

ऑस्वल्डने टोस्ट खिशात घातला. मग एका दमात त्याने सगळे सांगून टाकले: पत्ते, शाई, नावे. विनिफ्रेडची माळ थांबली. तिचा चेहरा मात्र तसाच राहिला, आणि त्यामुळेच त्याला पुढचे बोलणे आणखी जड गेले.

"विनी, ते मी केलंय."

"काय केलंयस?"

"मी सात वर्षांचा होतो. त्या वर्षी पालथं घालायचं काम माझं होतं. सगळे बागेत गेले आणि मी एकटाच उरलो. मला वाटलं, हिला श्वास घ्यायला त्रास होत असेल. नाक टेबलाला लागलेलं. मग मी नखानं दोघींना काढलं आणि अदलाबदल केली. म्हटलं, एक वर्ष हिला मुके मिळू देत, पुढच्या वर्षी परत बदलू." त्याने नाक ओढले. "पुढच्या वर्षी मला गोवर आला. नंतर मी विसरलो. खरंच विसरलो गं. तू ते व्रत धरलंस तेव्हा एकदा आठवलं होतं, पण तू इतकी… मला धीर झाला नाही. बासष्ट वर्षं तू माझ्या चुकीपुढे बसलीस."

मग, ऑस्वल्डच्या अंदाजात अजिबात न बसणारी गोष्ट झाली. तिचे खांदे हलायला लागले. आधी त्याला वाटले ती रडतेय.

"गोवराच्या वर्षी ना?" ती हसू आवरत म्हणाली. "तुझ्याऐवजी ते काम मला दिलं. आणि मीही बदलल्या."

"तू?"

"मला वाटलं, पालथी पडून तिला भीती वाटत असेल, अंधाराची. मी कुणाला सांगितलं नाही. फादरांनाही नाही. सत्तर वर्षांत पापनिवेदनात सांगायचं राहिलेलं तेवढं एकच, आणि ते मी चॅपेलमध्ये तुला सांगतेय."

"मग… माझं केलेलं तू फेडलंस?"

"फेडलं, की वाढवलं?" विनिफ्रेड म्हणाली, आणि आता ती हसत नव्हती. "ऑस्वल्ड, मला काही कळेनासं झालंय. हात दे, उठव मला."

*

मोनिकाने आल्याच्या केकचे दोन तुकडे बशीत शेजारी शेजारी ठेवले होते. डावा मार्जरीचे लॉकेट, उजवा अ‍ॅलिसचे.

"काका, तुम्ही बदललंत." तिने तुकड्यांची जागा बदलली. "आत्या, तू बदललंस." परत बदलली. "म्हणजे जिथल्या तिथे. याचा अर्थ तुमच्या आधीही नावं उलटीच होती."

"एक मिनिट," जर्व्हिस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, गावच्या समितीचा अध्यक्ष, आणि तो टेबलक्लॉथच्या टोकाशी चाळा करत होता. "मीही एकदा."

"जर्व्हिस!"

"आठ वर्षांचा होतो. मला ती आवडायची. तिच्या कॉलरला फूल खोचलंय ना, ते. मला वाटलं, फूल चुरगळेल."

मोनिकाने तुकडे पुन्हा बदलले. केकचा चुरा पडायला लागला होता. "म्हणजे आता परत…"

"नाही," विनिफ्रेड म्हणाली. "ते धरू नकोस. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी लॉकेट उघडलं आणि आत परकी बाई. पाहिल्याबरोबर झाकण लावलं. खाली आले, बदलून घेतली, आणि वर जाऊन पहिल्यापासून सुरुवात केली."

"तुला माहीत होतं?" जर्व्हिस म्हणाला. "मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तोच गुन्हा माझ्याही नावावर."

मोनिकाने तुकडे जागेवर आणले. "आणि बाबा? आणि आजोबा? त्यांच्या आधीची सगळी पोरं? या घरात दर पिढीला एखाद्या मऊ काळजाच्या पोराला तिची दया आली असेल तर कसला हिशेब लागणार?"

"तू नाही बदललंस?" ऑस्वल्डने विचारले.

"मी नाही. मी दोघींनाही पालथं घातलं होतं. मला दोघीही आवडत नव्हत्या."

मि. पार्जिटर हे सगळे एका कागदावर टिपून घेत होते आणि पुन्हा पुन्हा खोडत होते. ते म्हणाले, "एक गोष्ट सांगू का? लॉकेटं बदलत राहिली असतील. पण नाव चित्राच्या पाठीला चिकटलेलं आहे. शाई त्याच काळची आहे, हे मी शपथेवर सांगतो."

"शाई खरी," जर्व्हिस एकदम म्हणाला. "पण लिहिणारा खरं लिहीत होता, हे कशावरून? बायको तुरुंगात. घराची झडती रोजची. तिचं चित्र सापडलं तर जाळतील. नवऱ्यानं काय केलं असेल? पाठीवर मेहुणीचं नाव घातलं असेल. अ‍ॅलिसच्या चित्राला कोण हात लावणार होतं?"

हे शक्य होते. किंबहुना ते इतके शक्य होते की रोझमंडला पुन्हा सगळे पहिल्यापासून विचारावेसे वाटले.

"आणि ती काळी दोरी!" ऑस्वल्डकाकांना धीर आला. "विनीच्या मार्जरीच्या गळ्यात काळी दोरी आहे, पोलक्याच्या आत गेलेली. टोकाला क्रूस असणार. आईनं नेहमी सांगितलं."

"किल्ल्यांची असेल, काका. घरात धान्याचं कोठार होतं."

"मोनिका, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मला माहीत असतं तर!" मोनिका म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा खरेच खाली आला. "सकाळी मला वाटत होतं, खरं सांगून टाकावं. आता खरं कुठलं तेच हरवलंय. मि. पार्जिटर, अशा वेळी तुम्ही काय करता?"

"घरची परंपरा एक सांगते आणि पाठीवरचं नाव दुसरं, असं झालं की आम्ही मालकाचं म्हणणं लिहून घेतो," पार्जिटर म्हणाले. "मार्जरीच्या चित्राच्या मालक मिस एल्स्टन आहेत. त्या म्हणाल्या, माझं चित्र मार्जरीचंच, तर मी तसं नोंदवीन, शेजारी पाठीवरचा मजकूर नोंदवीन, आणि दुसरं घेऊन दोनच्या गाडीनं जाईन. त्यात खोटं काही नाही."

जर्व्हिसने सुटकेचा श्वास सोडला. "झालं तर मग. आत्या, सांग त्यांना."

"सांग विनी," ऑस्वल्ड म्हणाला.

"सांगच," मोनिकाही म्हणाली, आणि भावाकडे पाहून घाईने म्हणाली, "बघतोस काय? माणसाला मत बदलता येतं."

रोझमंडने फक्त पालथी चित्रे आत्यांच्या पुढ्यात सरकवली.

विनिफ्रेडने दोन्ही चित्रे सुलटी केली. कितीतरी वर्षांनी दोघी एकाच उजेडात, शेजारी शेजारी आल्या. काळा पोशाख, झालरीची चाकासारखी कॉलर, तेच कपाळ, तेच किंचित लांब नाक. दोघी बहिणीच. पण एक पांढरीफटक, मेणासारखी. आणि दुसरीच्या गालांवर अशी लाली होती, जणू आत्ताच पायऱ्या चढून आलीय.

"ही किती फिकी," विनिफ्रेड पुटपुटली. "आम्हाला वाटायचं, उपासांनी. लहानपणी आई म्हणायची, बघ, संताचा रंग कसा असतो."

पार्जिटरनी क्षणभर विचार केला, सांगावे की नाही. "तो रंग उन्हानं उडालाय, मिस एल्स्टन. गालांचा गुलाबी रंग त्या काळी किड्यांपासून काढत, तो प्रकाश सहन करत नाही. हिला रोज उघडलं गेलं. दुसरी अंधारात राहिली, म्हणून टिकली. सुरुवातीला दोघींचे गाल सारखेच असणार."

"म्हणजे मीच तिला फिकी केली."

"तुम्ही आणि तुमच्या आधीच्यांनी. प्रेमानं."

विनिफ्रेड खिडकीपाशी गेली. बाहेर कुरणात गवताची कापणी चालू होती. तिला आठवला तो एकोणिसाव्या वर्षीचा दिवस. आईला शेवटचे दुखणे लागले होते. तिने लॉकेट उघडून म्हटले होते, मार्जरी, आईला एक उन्हाळा दे, मी मरेपर्यंत रोज तुझ्यापुढे बसेन. आईला एक उन्हाळा मिळाला. बरोबर एक. त्यानंतर तिने या चेहऱ्याशी सगळे बोलून टाकले होते: लग्नाला नकार दिला तो, भाचा एडमंड फ्रान्सच्या लढाईवरून परत आला तो, वाचा गेलेला, जर्व्हिस-रोझमंडचे दगावलेले बाळ. हा चेहरा गेला तर ते सगळे कुणाला ठाऊक राहणार? तो तिला हवा होता. आणि तो ठेवायला फक्त एक वाक्य पुरे होते. खोटेही नव्हते ते.

मागे कुणीतरी बशी हलवली, कुणीतरी दटावले.

"मि. पार्जिटर," ती वळून म्हणाली, "मी म्हटलं की ही मार्जरी, तर ते मी का म्हणतेय? मला ती हवी आहे म्हणून. दुसरं कुठलंही कारण मी तासभर शोधलं, मला सापडत नाही. असली साक्ष काय कामाची?"

"आत्या, असं काय करतेस!" जर्व्हिस उठला. "कुणी तुला साक्ष विचारत नाही. फक्त हो म्हणायचंय."

"तेच ते. शेरीफच्या माणसांनीही त्या दोघींना फक्त हो म्हणायलाच सांगितलं होतं." तिचा आवाज मऊ होता, पण जर्व्हिस खाली बसला. "पाठीवर लिहिणाऱ्याला भीती असेल, नसेल. पण त्याला माझ्यासारखी सवय लागलेली नव्हती. लिहिलंय ते धरू. माझ्याजवळ अ‍ॅलिस होती. अ‍ॅलिस तुमच्याबरोबर जाईल."

"विनी, बासष्ट वर्षं!" ऑस्वल्डच्या डोळ्यांत पाणी आले. "तुझ्या सगळ्या प्रार्थना…"

"त्याच तर मला कळत नाहीत. रोज मी तिच्याकडे मागत होते. हे दे, ते दे, याला सांभाळ. आणि ती बिचारी तिकडे शुद्धिस्थानात, स्वर्गाच्या दाराबाहेर, बसून म्हणत असेल, बाई, माझ्यासाठीच कुणी मागेना, मी तुला कुठून देऊ?" ती थांबली. "तरी आईला उन्हाळा मिळाला. तो कुणी दिला, हे मला आता कधीच कळणार नाही."

तिने बदामवाले चित्र तळहातावर घेतले आणि अवघडत, टेबलाचा आधार घेत, जेवणघराच्या फरशीवरच गुडघे टेकले. कुणाला काय करावे ते कळेना. आजवर या घरात कुणी अ‍ॅलिससाठी प्रार्थना केली नव्हती. त्या प्रार्थनेला उठावे की बसावे याची रीतच नव्हती. जर्व्हिस अर्धा उठला. मि. पार्जिटर, जे चर्चमध्ये नाताळापुरते जात, हात मागे बांधून उभे राहिले. विनिफ्रेडने मेलेल्यांसाठी म्हणतात ती प्रार्थना सुरू केली. साधी, छोटी, तिला चिरविश्रांती मिळो, तिच्यावर तुझा प्रकाश पडो. पहिल्या ओळीला ती एकटी होती. दुसऱ्या ओळीला रोझमंड तिच्याशेजारी गुडघ्यांवर आली. रोझमंडला रडू फुटले होते आणि का ते ती सांगू शकली नसती. मग मोनिका आली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"आमेन," ऑस्वल्ड सर्वांत शेवटी म्हणाला, उशिरा.

*

स्टेशनला जाणाऱ्या मोटारीपर्यंत चित्राची डबी रोझमंडने नेली. विनिफ्रेड दारापर्यंत आली, पायऱ्या उतरली नाही. पार्जिटरनी पावतीचा कागद बोनेटवर ठेवला, पेन काढले, आणि परत पायऱ्यांपाशी आले. ते अजूनही संकोचत होते.

"मिस एल्स्टन, एकदा शेवटचं विचारतो. नाव अ‍ॅलिसच लिहू? एकदा लिहिलं की ते कायमचं."

"लिहा."

"आणि चूक निघाली तर? समजा, ही खरंच मार्जरी असेल, आणि आम्ही तिला चारशे लोकांसमोर अ‍ॅलिस म्हणून टांगलं…"

विनिफ्रेडने क्षणभर विचार केला.

"मार्जरी सांभाळून घेईल," ती म्हणाली. "संत झालीये. एवढं तिला जमायला हवं."

पार्जिटर हसावे की नाही या विचारात टोपी घालून निघाले. मोटार फाटकाबाहेर वळली, धूळ उडाली, बसली. जर्व्हिस आणि ऑस्वल्ड छपराकडे बोट दाखवून काहीतरी वाद घालायला लागले. वाद घालण्यासारखे काही आहे, याचेच त्यांना बरे वाटत होते. मोनिकाने केकचा चुरा वेचून तोंडात टाकला.

विनिफ्रेड आपल्या खोलीत गेली. रोझमंड मागोमाग आली, दारातच थांबली. मेणबत्तीजवळच्या जागेवर दुसरे लॉकेट होते, मिटलेले.

"आत्या, आज नका उघडू हवं तर. उद्या पहाटे बघा. तुम्ही दमलात."

"उद्या पहाटे मला घाई होते." विनिफ्रेडने खुर्ची ओढली, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग अंगठ्याने झाकण उचलले. लाल गालांची ती बाई सरळ तिच्याकडे पाहत होती, कॉलरला फूल खोचलेले, काही मागितले गेले नसल्यासारखी.

विनिफ्रेडने बोलायला तोंड उघडले आणि तिच्या लक्षात आले, तिला सुरुवात कुठून करायची तेच माहीत नाही. ती जराशी ताठ बसली, पाहुण्यांच्या खोलीत बसतात तशी.

"आपली ओळख नाही," ती म्हणाली. "मी विनिफ्रेड."